देव्हाऱ्यातली वही

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या निरवांगी गावच्या सरपंच माननीय प्रयागबाई, बारामतीहून वेळात वेळ काढून आलेले महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, कारखान्यातले आजी-माजी कामगार बंधू, कळंबहून आणि आसपासच्या वस्त्यांवरून आलेल्या माता-भगिनी, माझे शिक्षक सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो आहोत ते हिंदीतले कवी, आपल्या साखर कारखान्याचे निवृत्त पॅनमन श्री. इंद्रासन कुशवाहा, म्हणजे आपले बाबू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

पहिल्या रांगेत माझी आई रंगुबाई बसली आहे. तिलाही नमस्कार करतो. तिचं नाव पत्रिकेत नाही, पण आज मला जे सांगायचं आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे.

संयोजक युवराज यांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय दिला आहे, "इंद्रासनबाबूंचं जीवन आणि साहित्य". मी या शाळेत तेवीस वर्षं हिंदी शिकवतो, तेव्हा बाबूंच्या साहित्यावर मीच बोलायचं, असं युवराजनी परस्पर ठरवलं. बाहेर कमानीवर त्यांनी फ्लेक्स लावला आहे. त्यावर "हिंदी साहित्याचा सूर्य" असं लिहिलं आहे. सूर्याचा फोटो जरा लहान आला आहे आणि युवराजचा मोठा आला आहे, पण गावाच्या रीतीनं तेही ठीकच म्हणायचं. (युवराज, रागावू नका. आपण रोज भेटणारे आहोत.)

जीवन सांगणं सोपं आहे. उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यातून तेविसाव्या वर्षी बाबू आपल्या कारखान्यावर आले. आज त्यांना एकोणसत्तर पूर्ण झाली. मधली सगळी वर्षं इथं गेली. निवृत्तीनंतरही ते गेले नाहीत. देवकलीभाभी दोन वर्षांपूर्वी इथंच वारल्या, त्यांच्या अस्थी बाबूंनी नरसिंहपूरच्या संगमावर सोडल्या. आता दृष्टी कमी झाली, काचबिंदू आहे, एकट्यानं राहणं होत नाही, म्हणून मुलगा त्यांना गावी न्यायला आला आहे. उद्या सकाळी दौंडहून गाडी आहे.

साहित्य सांगणं मात्र मला अवघड आहे. का अवघड आहे, तेच आज सांगायला उभा आहे.

आपल्या गावाला बाबू कवी म्हणून ठाऊक होते. कसे ठाऊक होते? कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की पत्रिकेच्या वर टाकायला चार ओळी हव्यात, चला बाबूंकडे. कारखान्याचे अधिकारी बदलून गेले, मानपत्र हवं, चला बाबूंकडे. एकदा तर आबाजी पाटलांनी नव्या ट्रॅक्टरच्या मागं लिहायला ओळ मागितली होती. बाबूंनी ती दिली. आबाजी वाचून म्हणाले, "बाबू, झ्याक हाय, पण ह्यात माझं नाव कुठं बसतंय?" बाबूंनी नावही बसवलं. कुणाला नाही म्हणाले नाहीत. पण त्यांच्या खऱ्या कविता पाटण्याच्या, भोपाळच्या मासिकांत छापून यायच्या, आणि त्या आपल्याविषयी होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला माहीत होतं. माहीत असून मी काय केलं, ते ऐका.

त्याआधी बाबूंच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे. कामगार मंडळींना ती माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. उसाचा रस आटवून झालेला पाक एका मोठ्या बंद भांड्यात शिजवतात. त्याला पॅन म्हणतात. पॅनमध्ये साखरेचा दाणा नीट धरला की मगच माल खाली सोडायचा. घाई केली तर साखर बारीक पडते, उशीर केला तर गोळा होतो. दाणा धरला की नाही ते पॅनमननं ठरवायचं. तो पितळी दांड्यानं थोडा पाक बाहेर काढतो, काचेच्या तुकड्यावर पसरतो आणि उजेडापुढं धरून बघतो. सगळे पॅनमन असंच करतात. बाबू त्यापुढं आणखी एक गोष्ट करायचे. स्वतः बघून झालं की काच शेजारच्या माणसापुढं धरायचे आणि म्हणायचे, "देखो." तो "धरलाय" म्हणाला तरच माल सोडायचे.

हा शेजारचा माणूस म्हणजे माझे वडील, साहेबराव. बाबूंच्या हाताखाली ते सव्वीस वर्षं होते. लोक थट्टा करायचे, "साहेबराव, इंजिनिअरनं शिकवल्यालं काम बाबू तुमाला विचारून करतोय व्हय?" वडील म्हणायचे, "मला न्हाय इचारत. काचंला इचारतोय. मी नुसता मधी हाय."

बाबूंना कधीतरी कुणीतरी विचारलं की हे कशासाठी. ते म्हणाले होते, एका माणसानं पाहिलेलं चुकू शकतं.

माझं हिंदी बाबूंच्या ओसरीवर झालं. कारखान्याच्या कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी अक्षर शिकलो, परीक्षा दिल्या, त्याच जोरावर या शाळेत लागलो. शिक्षक झालो तेव्हा बाबू मला "सोमनाथ"चं "सोमनाथजी" म्हणायला लागले. मी म्हटलं, बाबू, असं नको. ते म्हणाले, "अब तुम मुझसे ज़्यादा जानते हो." मला ते खरं वाटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. माणसाचं असंच असतं.

आता मूळ गोष्ट. बारा वर्षांपूर्वी, वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबू आमच्या घरी आले. हातात एक जाड वही होती, काळ्या पुठ्ठ्याची. शाईच्या पेनानं लिहिलेली, कारण बॉलपेन त्यांना चालत नाही. आत एक पेन्सिलीचा तुकडा ठेवला होता. म्हणाले, ही तीस वर्षांची कविता आहे. बनारसचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे. पण ही कविता सगळी इथली आहे, नीरा-भीमेच्या मधल्या माणसांची, आणि मी बाहेरचा माणूस. "आप पढ़िए. जहाँ झूठ लगे, वहाँ निशान लगा दीजिए. फिर भेजूँगा."

काच माझ्यापुढं धरली होती त्यांनी. मला ते त्या वेळी समजलं नाही, असं म्हणून मी सुटू शकत नाही. समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी काय पुजतात ते तुमच्याही घरी पुजतात. कोयता, विळा, पंपाचा स्टार्टर, पोरांची दप्तरं. माझ्या टेबलावरची पुस्तकं आईनं पाटावर मांडली, त्यात ही वही गेली. हळद, कुंकू, फूल, पाण्याचा हात, निरांजन. दसरा झाल्यावर आईनं वही तांबड्या खणात बांधली आणि देव्हाऱ्यात नरसिंहाच्या पोथीशेजारी ठेवली. मी म्हटलं, आई, ती वाचायची आहे. ती म्हणाली, "वाच की. पण आता पुजल्याली हाय. आंघोळ केल्याबिगर हात लावायचा न्हाय, आन् त्यावर पेन्सिल तर मुळीच न्हाय."

आईचं काही चुकलं नाही. जे आपल्याला कळत नाही पण मोठं आहे हे कळतं, त्याला आपल्याकडं हात जोडतात. अन् मी? मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज कबूल करतो. गुरूच्या कवितेवर खूण करायची म्हणजे गुरूपेक्षा मला जास्त दिसतं असं म्हणायचं. ती भीती होती. दुसरीही एक भीती होती. त्यात माझे वडील असणार, आमचं घर असणार, ते वाचायला मन धजत नव्हतं. म्हटलं दिवाळीनंतर काढू. मग परीक्षा आल्या. मग मला सवय झाली. रोज सकाळी आंघोळ करून मी त्या देव्हाऱ्यापुढं बसतो. बारा वर्षं रोज त्या वहीला नमस्कार केला आहे. एकदाही खण सोडला नाही.

गावाला याचा अभिमान वाटायला लागला. "मास्तरच्या देव्हाऱ्यात बाबूंची कविता असती" हे लोक पाहुण्यांना सांगायचे. मला ऐकून लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

बाबू दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचे. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवायचे, आईला नमस्कार करायचे, चहा घ्यायचे. देव्हाऱ्याकडं एकदा बघायचे. "वही वाचली का" असं बाबूंनी मला एकदाही विचारलं नाही. शेजारी उभ्या माणसाला घाई करायची त्यांची रीत नव्हती.

यंदा आषाढात आमची एक जुनी विद्यार्थिनी, पायल, शाळेत आली. ती बारामतीला एम.ए. करते. तिनं बाबूंच्या कवितांवर प्रबंधिका घेतली आहे. मासिकांतल्या कवितांच्या झेरॉक्स घेऊन आली होती. मला विचारलं, "सर, बाबूंचं पुस्तक का नाही? मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, एक आदमी पढ़ रहा है. बनारसच्या प्रकाशकालाही तीन वेळा हेच कळवलं होतं म्हणे. मग प्रकाशकानंच पत्रं पाठवणं सोडलं. सर, हा माणूस कोण ते तुम्हाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही, बाई. कल्पना नाही."

पायल समोर बसली आहे. पायल, मी खोटं बोललो होतो. शिक्षकानं विद्यार्थ्याशी खोटं बोलू नये, आणि बोललाच तर चारचौघांत कबूल करावं, म्हणून इथं सांगतो.

त्या दिवशी घरी येऊन मी खण सोडला. वहीची पानं एकमेकांना चिकटली होती. दर वर्षी खंडेनवमीला आई वही बाहेर काढायची आणि पुन्हा पुजायची. बारा वर्षांची हळद, कुंकू, पाण्याचे शिंतोडे, निरांजनातलं तेल. शाई पाण्यात उतरते. चौदा पानं तर पार पुसली आहेत. एका पानावर फक्त नाव वाचता येतं. ते नाव आहे, "रंगुबाई". खाली वीसेक ओळी असाव्यात. नुसता निळा-तांबडा डाग आहे.

आई शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "माझं नाव हाय व्हय त्यात? काय ल्हिवलंय बाबूनं?"

मी म्हटलं, आई, ते पुसलं गेलं.

"कशानं?"

मी वही तिच्यापुढं धरली. तिनं पानावर बोट फिरवून नाकाशी नेलं, हळद-तेलाच्या वासावरून तिला कळलं. खाली बसली. म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, म्हणून मी पुजलं. तुला येतंय. तू का पुजलंस, सोमा?"

मंडळी, मी देव मानणारा माणूस आहे. आजही मानतो. पण या प्रश्नाचं उत्तर मला देव्हाऱ्यापुढं बसून मिळालेलं नाही.

पुढचे आठ दिवस मी वही वाचली. जेवढी वाचता येते तेवढी. बाबूंचं साहित्य कसं आहे, असं विचाराल तर सांगतो, ते साधं आहे. त्यात मोठे शब्द नाहीत. ऊस तोडायला आलेल्या बाईच्या कोयत्याची मूठ आहे. कळंबच्या बाजारात दोन भाषांत भाव करणारी देवकलीभाभी आहे. संगमाच्या पायऱ्यांवर, नीरेचं पाणी कुठं संपतं नि भीमेचं कुठं सुरू होतं ते शोधणारा एक परका माणूस आहे. आणि एक कविता माझ्या वडिलांवर आहे. तिच्या पाच ओळी वाचतो. बाबू, माझा उच्चार चुकला तर सांभाळून घ्या.

"काँच पर बूँद भर पाक रखता हूँ
और कहता हूँ, साहेबराव, देखो.
साहेबराव देखते हैं.
तब जाकर मेरा देखा हुआ
सच होता है."

या कवितेवर मी खूण केली आहे. पूर्ण वहीत केलेली एकच खूण. तिसऱ्या ओळीखाली. कारण ती ओळ खरी नाही.

बारामतीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, "सोमा, नोकरीची शेवटची सा-सात वर्सं मला काचंवर दाणा दिसतच नव्हता. समदं धुरकट. बाबू म्हणायचं देखो, मी म्हणायचो व्हय, धरलाय. कुणाला सांगू नगंस." मी कुणाला सांगितलं नाही. पण बाबूंनी विचारलं होतं, जिथं खोटं वाटेल तिथं खूण करा. तेव्हा करावीच लागली.

गेल्या रविवारी बाबूंना मोटारसायकलवर बसवून नरसिंहपूरला नेलं. दर्शन झालं. मग संगमाच्या पायऱ्यांवर बसून सगळं सांगितलं. वही न वाचल्याचं सांगितलं. पुसलेल्या चौदा पानांचं सांगितलं. त्या ओळीचं सांगितलं. बाबू पाण्याकडं तोंड करून बसले होते. पानांविषयी म्हणाले, "वो गया." त्या कविता आठवतात का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. म्हणाले, "मेरी आँख भी अब साहेबराव हो गई है. दुबारा क्या लिखूँगा."

वडिलांच्या त्या ओळीविषयी मात्र ते थोडं हसले. म्हणाले, "मालूम था."

मी चकित झालो. म्हटलं, माहीत होतं तर मग काच का धरत होता त्यांच्यापुढं?

बाबू म्हणाले, "दिखता नहीं था. पर साहेबराव आकर खड़े तो होते थे."

 त्यांनी त्यापुढं काही म्हणायची गरज नव्हती. वडील दिसत नसतानाही उभे राहिले, आणि दिसत असून बारा वर्षं मी कुठं उभा होतो, ते मला कळलं होतं.

येताना वाटेत मी त्यांना एकच मागणं केलं. वही माझ्याकडं राहू द्या. जे वाचता येतं ते मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढीन, पायल मदत करेल, तुम्हाला फोनवर एकेक कविता वाचून दाखवीन, तुम्ही हो म्हणाल तीच प्रकाशकाकडं जाईल. बाबूंनी उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, वही आमच्याबरोबर गावी जाईल, वडिलांची आहे. त्याचंही बरोबर आहे. ज्याच्या घरी बारा वर्षांत चौदा पानं गेली, त्याच्यावर पुन्हा विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

आज सकाळी युवराज आणि मंडळींनी ठरवलं होतं की ही वही फुलांनी सजवलेल्या जीपमधून, बँड लावून, चौकातून इथपर्यंत आणायची आणि शाल-श्रीफळाबरोबर बाबूंच्या हातात द्यायची. मी हात जोडून नको म्हटलं. युवराज थोडे नाराज झाले, म्हणाले, "मास्तर, गावाला तेवढाच सन्मान करता येतोय, तेवढाबी करू देईनासा." त्यांचा हेतू चांगला होता. पण सन्मान आपण पुष्कळ केला आहे. त्या सन्मानाचे डाग मी मोजून आलो आहे.

म्हणून वही इथं या टेबलावर, उघडी ठेवली आहे. खण काढला आहे. दीपप्रज्वलनाच्या वेळी अध्यक्षबाईंनी सवयीनं कुंकवाची डबी पुढं केली, तेव्हा मी त्यांचा हात अडवला. त्यांचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. माझी विनंती आहे की आज तरी कुणी या वहीला हार घालू नये. ज्याला वाचता येतं त्यानं कार्यक्रम संपल्यावर पुढं यावं आणि एक पान वाचावं. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याशेजारी बसून वाचणाऱ्यानं मोठ्यानं वाचावं. आई, "रंगुबाई" या पानावर आता काही नाही, पण "चूल्हा" म्हणून दुसरी एक कविता आहे. ती तुझ्याच स्वयंपाकघरातली वाटते. ती आज संध्याकाळी तुला वाचून दाखवणार आहे.

माझा वेळ संपत आला, युवराज घड्याळ दाखवत आहेत. यानंतर सत्काराला उत्तर म्हणून बाबू दोन शब्द बोलतील. त्यात ते काय म्हणतील, उद्या दौंडला गाडीत बसताना वही त्यांच्या पिशवीत असेल की माझ्याकडं, हे मला ठाऊक नाही. जे होईल ते मला मान्य आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, अध्यक्षबाईंनी आणि प्राचार्यांनी मला अडवलं नाही, कामगार बंधूंनी सुट्टी टाकून हजेरी लावली, शाळेनं हे सभागृह दिलं, या सगळ्यांचा मी आभारी आहे. देवकलीभाभींनी माझ्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी मला दही-साखर दिली होती. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

शेवटी, बोलताना माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल. ते मोठ्या मनानं विसरून जा, असं मी आज म्हणणार नाही. बाबू, तुमच्या उजव्या हाताशी, वहीच्या मधोमध तोच जुना पेन्सिलीचा तुकडा आहे. सकाळी त्याला टोक काढून ठेवलं आहे. माझ्या या भाषणाचे कागदही तिथंच ठेवतो. त्यात जिथं खोटं वाटलं असेल, तिथं खूण करा. मी शेजारी येऊन उभा राहतो.

नमस्कार.